सुधारलेली चाल

चीनमधल्या हफे शहरातल्या पदस्पंद प्रयोगशाळेत रुआन चिंगहे एका डोंगरी गावाच्या नोंदी पाहत होती. एकशे बारा घरं, आणि साठीच्या आतलं एकही माणूस नाही. मुलं, बहुतेक एकुलती एक, किनाऱ्यावरच्या शहरांत नोकरीला. अशा गावांत घरोघरी जमिनीखाली पदस्पंद-पट्ट्या बसवल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाची चाल बिघडली की पट्टी ते ओळखायची आणि मुलाला इशारा जायचा. इशारा आला तरच कंपन्या तीन दिवसांची रजा देत. वर्षभरात इशारे तिपटीनं वाढले होते आणि त्यांतले निम्मे खोटे असल्याची कंपन्यांची तक्रार होती.

"मुलांनी यावं म्हणून लोक लंगडण्याचं सोंग करतात," चिंगहेनं प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर पेई यांना सांगितलं.

"सोंग कुठलं आणि दुखणं कुठलं, हे पट्टीला कसं कळणार?"

"मूल घरी आल्यावर कळेल. कुणी आलं म्हणून दुखणं जात नाही, सोंग मात्र थांबतं. मूल आल्यावर ज्यांची चाल सुधारली, त्यांचे इशारे खोटे धरायचे. तशा चालीची उदाहरणं दिली की यंत्रणा सोंग ओळखायला शिकेल आणि पुढचा इशारा अडवेल."

खात्रीचं एखादं उदाहरण आहे का, असं पेईंनी विचारलं. चिंगहे म्हणाली, "माझी आई."

मार्च महिन्यात इशारा आला म्हणून ती हातातलं काम टाकून गावी गेली होती. एकाहत्तर वर्षांची आई, फेंग ग्वेलान, तिला न्यायला बसथांब्यावर येऊन उभी होती. घरापर्यंतच्या पायऱ्या आई तिच्या पुढे चढली. तीन दिवस स्वयंपाकघरात ताठ उभी राहून रांधत होती. आपल्याला फसवून बोलावलं, या रागातच चिंगहे परतली. आईला ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिचे फोन आखूड झाले.

पेईंनी विचारलं, आईशी बोललात का. नोंदी पुरेशा आहेत, असं तिनं उत्तर दिलं.

जूनमध्ये ही सोंगगाळणी सगळीकडे लागू झाली. इशारे निम्म्यावर आले. चिंगहेचं कौतुक झालं.

नोव्हेंबरात गावच्या दवाखान्यातून फोन आला. आई घरात पडली होती आणि शेजारणीला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. चिंगहे तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचली तेव्हा शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधीचं क्ष-किरण चित्र दाखवलं. खुब्याच्या हाडाला बारीक तडा होता, किमान आठ महिन्यांपूर्वीचा. प्रत्येक पावलाला दुखत असणार, ते म्हणाले.

तिनं नोंदी उघडल्या. पट्टीनं आईचं लंगडणं दोनशे चौदा दिवस टिपलं होतं. जूनच्या आधीचे इशारे तिनंच सोंग समजून सोडून दिले होते; जूनपासूनचा प्रत्येक इशारा गाळणीनं अडवला होता.

"मी आले तेव्हा तर तू नीट चालत होतीस," ती आईला म्हणाली.

"तू तीनच दिवसांसाठी आली होतीस," आई म्हणाली. "तेवढं चालता येतं."

चिंगहेनं बाहेर जाऊन पेईंना फोन केला आणि गाळणी आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगितलं. अडवलेले इशारे चौऱ्याऐंशी हजार होते. त्यांतली खरी सोंगं किती, पेईंनी विचारलं.

"सांगता येणार नाही. मूल आलं की दुखत असलं तरी चाल सुधारते. मी त्यालाच सोंग म्हटलं."

हे त्या सगळ्या मुलांना कळवावं लागेल, पेई म्हणाले. पत्र माझ्या नावानं जाऊ द्या, ती म्हणाली. पहिलं उदाहरण कुणाचं होतं, तेही त्यात लिहायला तिनं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी परिचारिकेनं आईला आधाराची चौकट देऊन उभं केलं. एक पाऊल टाकताना आईचा चेहरा वेदनेनं आक्रसला. तेवढ्यात तिला दारात चिंगहे दिसली, आणि तिनं पाठ ताठ केली, पाय सरळ टाकला, हसली.

चिंगहेला तिच्याकडे बघवेना. ती मागे सरली आणि दार ओढून घेतलं. बाहेरच्या बाकावर बसून ती ऐकत राहिली. आत आई लंगडत चालू लागली होती.