हिरव्या शाईतला शेवट

कोल्हापूरच्या रेणूलेख केंद्रात डॉ. शर्वाणी तोरसकर यांनी वाचकयंत्राच्या पडद्यावरचा आकडा तिसऱ्यांदा तपासला आणि मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या इकबाल मुजावर सरांना आत बोलावलं.

मुजावर सर निवृत्त चित्रकला शिक्षक. वय एकाहत्तर, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत एकशे बारा चित्रपेट्यांची यादी. सिनेमे लोक इंटरनेटवरून पाहू लागले, त्यानंतरही काही वर्षं हौशी मंडळींसाठी मोजक्या प्रतींच्या पेट्या निघत असत. आत तबकडी, माहितीपुस्तिका, आणि बाहेर चित्रकारानं रंगवलेलं जाड पुठ्ठ्याचं आवरण. तबकड्या पंचवीस वर्षांत गंजून निकामी झाल्या. आवरणं मात्र तशीच राहिली. अशा आवरणांचं राज्यातलं पहिलं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी सरांच्या पेट्या अस्सल आहेत की नाही, हे या केंद्रात तपासलं जात होतं.

"पेटी खोटी निघाली का, मॅडम?" सरांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"बसा आधी. 'निळं आगर' या पेटीबद्दल बोलायचंय."

सर बसले नाहीत. 'निळं आगर' ही त्यांच्या संग्रहातली सर्वांत लाडकी पेटी. सन दोन हजार पस्तीसची, सदतीस वर्षं पारदर्शक वेष्टनात सीलबंद.

"तुम्हाला रेणूशाई माहीत आहे ना?" शर्वाणींनी विचारलं.

"ऐकून आहे. पेट्यांच्या नकला फार व्हायला लागल्या, म्हणून शाईत काहीतरी खूण मिसळायचे."

"हो. माणसानं बनवलेला डीएनए. त्यात चार प्रकारचे घटक असतात. ती चार अक्षरं धरली, की त्यांच्या क्रमानं काहीही लिहिता येतं. नाव, आकडा, काहीही. कारखाने शे-सव्वाशे अक्षरांचा एकच तुकडा शाईत लाखोंनी मिसळायचे. आम्ही आवरणाच्या तळाचा टाचणीच्या डोक्याएवढा कण घेतो आणि तो तुकडा सापडला की पेटी अस्सल म्हणतो."

"मग? सापडला नाही?"

"सापडला. पण त्याच्यासोबत आणखी कोट्यवधी तुकडे सापडलेत. सगळे एकमेकांपासून वेगळे. खुणेसाठी इतकं कोणी लिहीत नाही, सर. प्रत्येक तुकड्याला पुस्तकाच्या पानासारखा क्रमांक आहे. सकाळपासून मी ते क्रमानं लावतेय. हे बघा."

त्यांनी पडदा सरांकडे वळवला. पडद्यावर मिठाची आगरं होती, चौकोनी, पाण्यानं भरलेली. बांधावरून एक माणूस खांद्यावर फावडं घेऊन चालत येत होता. त्याच्या पावलांचा चिखलातला आवाजसुद्धा येत होता.

सर आता बसले.

"हा सिनेमा कुठंच राहिलेला नाही," ते म्हणाले. "कंपनी बुडाली, तेव्हा साठवणही पुसली गेली. मी बावीस वर्षं शोधतोय."

"तो तुमच्या कपाटातच होता. आवरणावर छापलेला."

तो दिवस आणि पुढचे चार दिवस दोघंही केंद्रातून हलली नाहीत म्हटलं तरी चालेल. सर सकाळी डबा घेऊन यायचे, शर्वाणींचे तुकडे जुळत जायचे, आणि मिठागराचा राखणदार भिका, त्याचा म्हातारा बाप, त्याला सोडून गेलेली बायको यांची गोष्ट मिनिटामिनिटानं पडद्यावर उलगडायची. पाचव्या दिवशी दुपारी गोष्ट मधेच थांबली.

"क्रमांक संपले नाहीत," शर्वाणी म्हणाल्या. "पण पुढचे तुकडेच नाहीत. बरोबर शेवटचा पाचवा हिस्सा गायब आहे. आणि आतापर्यंतचे चार हिस्से कुठून आले बघा. पहिला पिवळ्या शाईतून, दुसरा किरमिजी, तिसरा निळ्या, चौथा काळ्या शाईतून."

"म्हणजे सिनेमाचे पाच भाग करून एकेक भाग एकेका शाईत."

"पण छपाईला शाया चारच लागतात ना?"

सरांनी पिशवीतून पेटी काढली. आवरण त्यांना पाठ होतं, तरी ते पुन्हा तसंच बघत राहिले, वर्गातल्या मुलांना दाखवत असत तसं.

"हे क्षितिज बघा, मॅडम. मागच्या बाजूला सुरू होतं, कण्यावरून येतं आणि पुढं संपतं. कुठं तुटत नाही. पुठ्ठा घडी पडतो तिथं रेघ किंचित वर घेतलीय, कारण घडीवर नजर खाली घसरते. सगळं चित्र मंद, कोरडं. चमक फक्त पाण्यावर. पेटी उजेडात कलती केली की आगरातलं पाणी हलतं. असं आवरण करायला माणूस त्या बांधावर उभा राहिलेला असावा लागतो." त्यांचं बोट चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर थांबलं. तिथं अंगठ्याएवढी एक बाई बांधावरून येत होती, हातात कंदील, अंगावर हिरवं लुगडं. "आणि हा हिरवा. शेवाळाचा ओला हिरवा. चार शाया कशाही मिसळा, हा रंग येत नाही. त्यासाठी पाचवी शाई वेगळी घोटून घ्यावी लागते."

"ती फक्त त्या लुगड्यावर आहे?"

"फक्त लुगड्यावर."

दोघांनाही पुढचं कळलं. तळाचा कण वेष्टनाच्या हवेच्या छिद्रातून घेता आला होता. लुगड्यापर्यंत पोहोचायचं, तर सील फोडावं लागणार आणि चित्राला सुई लावावी लागणार होती.

शर्वाणी म्हणाल्या, "सर, नाही केलं तरी चालेल. शेवट आपल्याला माहीत आहे. त्या वेळची परीक्षणं आहेत. भिका आगराचं दार बंद करतो आणि एकटाच बसून राहतो, असं सगळ्यांनी लिहिलंय."

"सगळ्यांनी आणखी एक लिहिलंय. ते तुम्ही वाचलं नसेल."

त्यांनी सांगितलं ते असं. आवरण रंगवलं होतं हेमांगिनी राऊळ यांनी. सिनेमा आला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की कंदील घेतलेली हिरव्या लुगड्यातली बाई सिनेमात कुठंच नाही. मग थट्टा सुरू झाली. चित्रकर्तीनं सिनेमा न पाहताच चित्र काढलं, असं छापून आलं. संग्राहकांच्या सूचीत या पेटीचं नावच 'चुकलेलं आवरण' पडलं. बाई सांगत राहिल्या, की मी पाहिलं तेच काढलं. दिग्दर्शक काही बोलले नाहीत आणि पुढं ते वारले. दोनेक वर्षांत हेमांगिनीबाईंना काम मिळेनासं झालं.

"आणि त्या खरंच चुकल्या असतील तर?" शर्वाणींनी विचारलं. "चार हिस्से आपण पाहिलेत. एकातही ही बाई नाही."

"हे बघा." सरांनी भिंग शर्वाणींच्या हातात दिलं. "कंदील डाव्या हातात आहे. का? उजव्या हातानं लुगडं उचलून धरलंय, चिखल लागू नये म्हणून. पण डावा खांदा खाली गेलाय, म्हणजे कंदील जड आहे, तेलानं भरलेला. आणि पायांवर चिखल फक्त घोट्याच्या आतल्या बाजूला. आगराच्या बांधावर चालताना तो तिथंच लागतो. चाळीस वर्षं मी चित्रं तपासली, मॅडम. मनानं काढलेली बाई कशी असते ते मला ठाऊक आहे. ही बघून काढलेली आहे."

"सील फोडलं की पेटीची किंमत जाईल. प्रदर्शनातही कदाचित घेणार नाहीत."

"द्या ती पाती."

सदतीस वर्षांचं वेष्टन बारीकसा आवाज करत सुटलं. आतून पुठ्ठ्याचा आणि जुन्या शाईचा वास आला. सरांनी चष्मा पुसला, सूक्ष्मदर्शकाखाली पेटी ठेवली आणि सुई शर्वाणींच्या हातात न देता स्वतःच घेतली. पदराची एक चुणी गडद होती. तिथं खरवडलेलं दिसलं नसतं. त्यांनी श्वास रोखला आणि मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढा हिरवा कण उचलला.

"पुरेल एवढा?"

"पुरून उरेल. डीएनएच्या नकला करता येतात. एकाचे दोन, दोनाचे चार. संध्याकाळपर्यंत कोट्यवधी होतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा हिस्सा जुळला. भिकाचा बाप गेला. भिका आगराच्या दाराशी आला, त्यानं समुद्राचं पाणी अडवणारी फळी खाली पाडली, आणि तो बसला. परीक्षणात लिहिलं होतं तसंच. सरांचे खांदे उतरले.

सिनेमा मात्र संपला नाही. पहाट झाली. लांब बांधावर एक ठिपका हलला. ठिपका जवळ आला तसा त्याचा कंदील झाला, मग हिरवं लुगडं, मग उजव्या हातानं धरलेला काठ. भिकाची बायको परत आली होती. ती त्याच्यापाशी आली, कंदील फुंकून विझवला आणि खाली पाडलेली फळी स्वतःच्या हातानं वर उचलली. समुद्राचं पाणी आगरात शिरलं.

शर्वाणींनी यंत्र थांबवलं. "सर, हे कसं शक्य आहे? माझं वाचन चुकलं नाही. मी तपासलंय. मग तेव्हाच्या लोकांनी हे पाहिलं कसं नाही?"

मुजावर सर उभे राहिले होते. खोलीत ते दोन फेऱ्या मारून आले आणि मग म्हणाले, "आवरण आधी छापतात, मॅडम. सिनेमा यायच्या तीन-तीन महिने आधी. पुठ्ठा कापायचा, घड्या, चकाकी, सगळ्याला वेळ लागतो. शाई घोटली त्या दिवशी सिनेमा जसा होता, तसाच शाईत गेला. त्यानंतर कंपनीनं हा शेवट कापला असणार. तबकडीवर कापलेला सिनेमा गेला, पण आवरण छापून झालं होतं. शाईला कात्री कशी लावणार?"

"म्हणजे हेमांगिनीबाईंना दाखवला, तो हाच."

"हाच. सदतीस वर्षं पुरावा बाईंच्या चित्रातच होता. ज्या बाईवरून लोक हसले, तिच्याच लुगड्याच्या रंगात."

हेमांगिनी राऊळ हयात होत्या. वेंगुर्ल्याला भाचीच्या घरात राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी. दोन दिवसांनी दोघं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. शर्वाणींनी छोटा पडदा त्यांच्यासमोर धरला आणि काहीही न सांगता शेवटची दहा मिनिटं लावली.

बाईंनी हात मांडीवर ठेवून सगळं पाहिलं. बायको बांधावर दिसली तेव्हा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"डावा खांदा," त्या म्हणाल्या. "या खांद्यानं मला आठ दिवस त्रास दिला. चारदा पुसला मी."

"तुमचं बरोबर होतं, ताई," सर म्हणाले. "हा शेवट तुमच्या हिरव्या शाईतूनच वाचलाय. मी सूचीवाल्यांना लिहिलंय. प्रदर्शनात ही पेटी उघड्या सीलानंच लागणार आहे, दाराशी, आणि शेजारी हा शेवट चालू राहणार आहे. नाव बदललंय. 'हेमांगिनी राऊळ यांचं आवरण' एवढंच."

बाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी पदरानं पडदा पुसला, आणि मग म्हणाल्या, "पुन्हा लावा." पुन्हा लावल्यावर त्यांचे डोळे भरून आले, पण तोवर त्या शर्वाणींना प्रश्न विचारू लागल्या होत्या. शाई किती लागते, उन्हानं बिघडते का, दमट हवेचं काय. शर्वाणींनी सांगितलं, की ऊन वाईट, अंधार चांगला. आवरण अंधारात राहिलं तर दोनशे वर्षंही टिकेल.

"आणि सगळ्या आवरणांना हीच शाई वापरायचे?"

"बहुतेकांत नुसती खूणच आहे. पूर्ण सिनेमा आतापर्यंत एकाच कारखान्याच्या शाईत सापडलाय. सांगलीजवळचा होता. साठवणीचा प्रयोग म्हणून ते अख्खा सिनेमाच शाईत घालून बघायचे. तो दोन वर्षांत बंद पडला."

"माझी दोनच कामं त्या कारखान्याच्या शाईत छापली. एक हे. दुसरं याच्या पुढच्या वर्षी."

मुजावर सर पुढं सरकले. बाईंची सगळी आवरणं त्यांना ठाऊक होती. "पुढच्या वर्षी तुमचं एकही आवरण आलं नाही, ताई."

"आवरण छापलं होतं. सिनेमा आला नाही. शेवटच्या महिन्यात कंपनी बुडाली आणि सगळं पुसून टाकलं. आवरण आधी छापतात, तुम्हाला ठाऊकच आहे."

शर्वाणींनी पडदा हळूच खाली ठेवला.

"म्हणजे तो सिनेमा कोणीच पाहिला नाही," त्या म्हणाल्या.

"मी पाहिला. काम करायचं म्हणून मला दाखवला होता. बनवणारे दोघंतिघं होते, ते गेले. छापलेले ताव लगद्याला निघाले होते, त्यातले अकरा मी मागून आणले. फार चांगला कागद होता."

"कुठं आहेत ते?" सर उठत म्हणाले.

"स्वयंपाकघरात. फडताळात डब्यांखाली अंथरलेत. तोंड खाली करून, चित्राला डाग पडू नयेत म्हणून. फडताळाची दारं बंदच असतात."

भाचीनं दार उघडलं. वरच्या कप्प्यातला तांदळाचा डबा तिनं सरांच्या हातात दिला, मग डाळीचा, मग पोह्यांचा. शर्वाणी स्टुलावर चढल्या आणि दोन्ही हातांनी, कडा न दुमडता, त्यांनी पहिला ताव सोडवला. मागची बाजू पिवळट पडली होती, डब्यांचे गोल गोल वळ उमटले होते. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर आणून उलटा केला.

रंग काल छापल्यासारखे होते. लाल मातीचा घाट, एक बंद पडलेली बस, आणि बसच्या टपावर उभे राहून एकाच दिशेला बघणारे सात लोक. ते कशाकडे बघतायत, ते चित्रात नव्हतं.

मुजावर सरांनी भिंग काढलं आणि टपावरच्या एकेका चेहऱ्यावरून फिरवलं.

"काय बघतायत ते?" शर्वाणींनी विचारलं.

हेमांगिनीबाई खुर्ची ओढून बसल्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना हे विचारत होतं. "सांगू का?" त्या म्हणाल्या. "मला शेवटापर्यंत पाठ आहे."

"नको, ताई," दोघंही एकदम म्हणाली. शर्वाणींनी नमुन्याची कुपी उघडली आणि सुई मुजावर सरांच्या हातात दिली.