गरम भातावर झाकण

होडी हलली, डबा कलंडला. झाकण उघडून बघते तर माझं भाताचं अस्वल, सगळंच्या सगळं, कोपऱ्यात जाऊन बसलेलं.

"रुसलंय का हो ते?"

मान वर केली. तिकिटं गोळा करणारा, डोक्यावर टोपी. ओनोमिचीहून पलीकडच्या बेटावर पोचायला एक गाणं संपेल एवढाच वेळ लागतो. तेवढ्यात कोण कोणाशी बोलतं?

हा बोलला.

"होडी नीट चालवा की."

"मी चालवत नाही. मी तिकिटं घेतो. आणि अस्वलांची चौकशी करतो."

तो कोसेई. मी चिनात्सु.

मग रोज डब्यात नवं काही. गाजराची फुलं, अंड्याच्या पोळीत गुरफटून झोपलेला कोल्हा... स्वतःसाठीच करते, असं त्याला सांगून ठेवलेलं. खोटं.

"आज कोण आलंय?"

"घुबड."

"चावतं?"

"तिकीट मागणाऱ्यांना."

आणि एका संध्याकाळी, दोर गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता — "शनिवारपासून मी हाकोदातेला, पार उत्तरेला. मोठ्या जहाजावर."

"छान," मी म्हणाले.

छान!

&nbsp;

शुक्रवार. उजाडता उजाडता भात लावला. अंड्याची होडी. होडीत दोघं, भाताचे. चीजच्या चकत्यांचे डोळे. नोरीच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या, काळ्या पापुद्र्यातून कापलेले केस, एकाला टोपी, भुवया, हसू, इवलीशी बुबुळं. तोंडाला जमत नाही ते भाताने सांगावं...

घड्याळ! त्याची शेवटची, पहाटेची पाळी संपत आलेली. पंख्याने भात गार करायचा असतो, मग झाकण. आमच्याकडे शाळकरी पोरीलाही कळतं.

मी वाफेवरच झाकण दाबलं आणि पळाले.

&nbsp;

धक्क्यावरच्या बाकावर त्याने डबा उघडला.

भाताचे दोन गोळे. टकले, डोळे पांढरेफटक. वाफेने सगळी नोरी उचलून झाकणाला चिकटवली होती.

"द्या इकडे! फेकते मी."

"थांबा हो." त्याने जेवणाच्या काड्या घेतल्या. झाकणावरून एकेक तुकडा अलगद सोडवू लागला. केस. भुवई. "टोपी आहे, म्हणजे हा मी. मग ही कोण?"

"असेल कोणी. शेजारची."

"शेजारची. बरं." तिचं हसू लावलं, जरा तिरकंच बसलं. "आणि बुबुळं? कुठे बघत होती ही? समुद्राकडे?"

पाणी चमकत होतं. मी—

"चिनात्सु-सान. कुठे?"

"त्याच्याकडे," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

काड्या हवेतच थांबल्या. मग अगदी हळू, श्वास रोखून, त्याने तिची बुबुळं टोपीवाल्याच्या बाजूला ठेवली.

"आणि हा?"

"हा... समोर. हाकोदातेकडे."

"चुकलंय तुमचं," कोसेई म्हणाला. त्याने स्वतःची बुबुळं उचलली, तिच्या बाजूला सरकवली, आणि मग डब्यातून मान वर करून माझ्याकडे बघत राहिला.