जुन्या पटरची ग्रिप

डॉक्टरांना गोल्फ खेळणं फारसं जमत नव्हतं. गोल्फची खरेदी मात्र फार छान जमायची. चेंडू झाडीत गेला की दोष त्यांचा नसायचाच. तो कधी काठीचा असायचा, कधी बुटांचा, कधी हातमोज्याचा, आणि दोष सापडला रे सापडला की शनिवारी दुपारी स्वारी दुकानात हजर. घरातलं पाहुण्यांच्या अंथरुणांचं कपाट त्यांच्या बॅगांनी कधीच बळकावलं होतं. त्यांना हा नाद लावणारा मेहुणा म्हणायचा की भावोजी, एवढ्या सामानात तुमचं स्वतःचं लहानसं मैदान झालं असतं. बायको नुसती हसायची. ती दोघं कॉलेजात एकाच वर्गात होती, त्यामुळे अहो-जाहो त्यांच्यात कधी रुजलंच नाही. तिचं म्हणणं एवढंच, की माणसाला काहीतरी वेड असावं, आणि ते कुलूप लावून ठेवता येत असेल तर उत्तमच.

या वेळी मात्र डॉक्टर दुकानात निघाले ते एक गोष्ट पोटात ठेवून. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी करंगळी हलायची, मग जरा थांबून तिच्या शेजारचं बोट, मग पुन्हा करंगळी. तपासण्या झाल्या होत्या, त्यांत काही निघालं नव्हतं. हिरवळीवर, चेंडू भोकापासून वीतभर राहिलेला असताना, हात हलायचा आणि चेंडू भोकाला वळसा घालून पलीकडे जायचा. मेहुण्याला वाटायचं भावोजी कच खातात. डॉक्टर हसून वेळ मारून न्यायचे.

पण डॉक्टर दातांचे होते. दुसऱ्याच्या तोंडात टोकदार हत्यार घेऊन जाणाऱ्या माणसाचा हात हलून चालत नाही. अवघड दाढांची कामं ते काही ना काही सबबी सांगून पुढे ढकलत होते आणि बायकोला यातलं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं. हात गेला म्हणजे आपण गेलो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. खरं म्हणजे दुकानात त्यांना काठी घ्यायची नव्हती, धीर घ्यायचा होता.

दुकान बुटक्या छताचं. आत रबराचा आणि गोंदाचा वास, मागच्या बाजूला खोट्या गवताची एक लांब पट्टी, तिच्या टोकाला भोक. दुकानदार गळ्यात शिंप्यासारखी टेप अडकवून हिंडायचा आणि गिऱ्हाइकाची उंची, हाताची लांबी, पंज्याचं माप घेता घेता अखंड बोलायचा. वापरलेल्या काठ्या कोपऱ्यातल्या पिंपात उभ्या असत. त्यांतलाच एक पटर, म्हणजे हिरवळीवर चेंडू हलकेच भोकात ढकलायची काठी, डॉक्टरांनी सहज उपसून काढला. पितळी डोकं काळवंडलेलं, ग्रिप जुन्या चामड्याची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ग्रिपवर अंगठ्याच्या जागी एक खळगा पडला होता.

डॉक्टरांनी त्यात अंगठा ठेवला. तो आत जाऊन असा बसला, की जणू तिथेच असायचा. त्यांनी गवतावर चेंडू मांडला, ढकलला आणि तो भोकात गेला. दुसरा गेला. तिसराही. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण चेंडूकडे बघतच नाही आहोत. आपण करंगळीकडे बघतो आहोत, आणि ती हलत नाही.

दुकानदारानं पटर घेतला आणि सवयीनं आकडीची सुरी काढली. वापरलेली काठी विकायची तर जुनी ग्रिप कापून नवी चढवायची, ही त्याच्या दुकानातली रीत. वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली, का ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या चपला आपण घालतो का, एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याचा हात धरला. ग्रिप आहे तशीच हवी, म्हणाले.

"साहेब, नवी फुकट देतोय."

"फुकट असली तरी नको. मला हीच हवी."

हौशी खेळाडूचं हे असंच असतं. हाताला बसलेली वस्तू कुणी बदललेली त्याला खपत नाही. दुकानदारानं खांदे उडवले आणि सुरी ठेवून दिली.

पुढचे दिवस डॉक्टरांसाठी सुखाचे गेले. मेहुण्याला त्यांनी ओळीनं हरवलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालेलं बघून मनापासून हसले. पण खरा आनंद दवाखान्यात होता. पुढे ढकललेल्या दाढा त्यांनी एकेक करून बोलावून घेतल्या. हात दगडासारखा स्थिर. जबड्यात रुतून बसलेली एक आडवी दाढ त्यांनी इतक्या अलगद काढली, की खुर्चीतला माणूस सुरुवात कधी करणार म्हणून विचारत होता. त्या दिवशी घरी जाताना डॉक्टरांनी बायकोसाठी फुलं घेतली. कशाबद्दल, ते मात्र सांगितलं नाही.

टकटक पहिल्यांदा ऐकली ती दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी. हत्यार उचलण्याआधी डॉक्टर ट्रेच्या कडेवर उजव्या अंगठ्यानं दोनदा वाजवत. मग घरी, पेला उचलण्याआधी. दाराची कडी काढण्याआधी. डॉक्टरांना स्वतःला ते कळत नसे; आवाज आला की तेही इतरांसारखे वळून बघत. सही करताना अक्षरं उजवीकडे झुकू लागली होती. ती आधी सरळ उभी असत.

"ही टकटक कुठून आणलीस?" एका रविवारी बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी पटरवर ढकललं. खेळाडूंना लागतात असल्या सवयी, म्हणाले.

तिनं मान हलवली. जरा वेळ मासिकाची पानं उलटली आणि मग वर न बघताच म्हणाली, "आणि ते हल्ली करत नाहीस."

"ते म्हणजे?"

ती चक्क लाजली. दुपारी डॉक्टर जेवायला घरी येत, आणि संध्याकाळच्या पाळीसाठी निघताना ती सोफ्यावर मासिक पोटावर ठेवून पडलेली असे. तेव्हा तिच्या गालावर आलेले केस ते उजव्या हातानं उजव्या कानामागे सारत आणि दार हळूच ओढून घेत. इतकी वर्षं. त्याबद्दल दोघं एक अक्षर कधी बोलली नव्हती. डॉक्टरांची समजूत अशी की ती झोपलेली असते.

"मी झोपलेली नसायचेच," ती म्हणाली. "ते झाल्यावर झोपायचे."

बायकोवर आपला किती जीव आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण तिला ते कशावरून ठाऊक आहे, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी तिथल्या तिथे हात पुढे केला. हात तिच्या गालापर्यंत गेला, थांबला, खाली वळला आणि तिच्या खांद्यावर अंगठ्यानं दोनदा टकटक करून परत आला. त्यांनी पुन्हा नेला. पुन्हा तेच. बायकोला वाटलं, चेष्टा चालली आहे. ती हसली आणि चहा ठेवायला उठली.

डॉक्टर सोफ्यावर बसून राहिले. हात मांडीवर होता, अगदी शांत, आणि त्याच्याकडे बघणं त्यांना नकोसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. हा पटर कुणाचा, म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, बरं झालं आलात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक काका होते, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सगळं सामान विकून गेले. पण परवा त्यांच्या मिसेस येऊन गेल्या. पटर कुणी नेला ते विचारत होत्या, पत्ता देऊन गेल्यात. बहुतेक परत हवा असेल.

गाडीत बसल्यावर डॉक्टरांनी बराच वेळ किल्ली फिरवली नाही. पटर परत केला तर काय होईल, ते त्यांना दिसत होतं. करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग करंगळी. मग केव्हातरी दवाखान्याच्या दाराला कुलूप. दुसऱ्या पारड्यात कानामागे सारलेली केसांची बट. त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि ते पत्त्यावर निघाले.

काका-काकू एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर राहत होते. जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा ऊबदार वास होता. काकूंनी दार उघडलं आणि डॉक्टरांच्या हातातला पटर बघून त्यांचा चेहरा उतरला. तरी या, बसा, म्हणाल्या. काका खिडकीशी खुर्चीत होते. गप्पिष्ट, हसरे गृहस्थ. त्यांनी डॉक्टरांना खेळ कसा चाललाय ते विचारलं, मेहुण्याला हरवल्याचं ऐकून खूश झाले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता.

करंगळी हलली. जरा थांबून तिच्या शेजारचं बोट. मग पुन्हा करंगळी.

कागदावरचं आपलं अक्षर ओळखावं, तसा डॉक्टरांनी तो हात ओळखला.

"पटर गेला आणि हे सुरू झालं," काकू म्हणाल्या. "त्याआधी दगड होता यांचा हात. सारखं काहीतरी टकटक वाजवायचे, मला वैताग यायचा."

त्या चहा घेऊन आल्या. काकांच्या थरथरत्या हातानं बशीतला चमचा उचलला, पण धरला तो टोकाकडून, तीन बोटांत, दातांचा आरसा धरतात तसा. काकूंकडे तोंड करून हात जरासा तिरका झाला. काकूंनी हसत हसत, सवय झाल्यासारखा, थोडा आ केला. चमचा त्यांच्या दाढांवरून हलकेच फिरला आणि बशीत परत गेला. काका स्वतः हे सगळं बघत होते, घरी आलेल्या पाहुण्याचं कौतुक बघावं तसं.

"हा हात कुठून शिकलाय कोण जाणे," ते म्हणाले.

"काका, मी पटर परत करायला आलोय," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच मी दुकानात गेले होते," काकू म्हणाल्या. "ज्यांनी नेला त्यांना सांगायला. की परत आणू नका."

डॉक्टर काही बोलणार, एवढ्यात मांडीवरचा हात उठला. थरथरत काकूंच्या गालाकडे गेला. पांढऱ्या केसांची एक बट सुटली होती. ती त्यानं उजव्या कानामागे सारली, आणि बोटं कानाच्या पाळीशी क्षणभर थांबली.

तिथे थांबायचं असतं, हे डॉक्टर आणि त्यांची बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं.

काकूंनी डोळे मिटले होते. "सगळ्या संसारात यांनी असं कधी केलं नाही," त्या म्हणाल्या. "राहू द्या ना."

डॉक्टरांनी तरी पटर काकांच्या हातात दिला. काकांनी ग्रिप धरली, अंगठा खळग्यावर ठेवला. तो बसेना. घसरून बाजूला यायचा. काकांनी काठी परत दिली आणि नवल वाटल्यासारखे म्हणाले, "हा माझा नाही."

परत जाताना डॉक्टर दुकानात शिरले आणि ग्रिप कापायला सांगितली. दुकानदारानं आकडीची सुरी लावली. चामडं सरळ रेषेत उकललं. आत वाळलेल्या गोंदाखेरीज काही नव्हतं. त्यानं नवी काळी रबरी ग्रिप चढवली, जुनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. डॉक्टरांनी हात पुढे धरून वाट बघितली.

करंगळी हलली नाही.

ते घरी आले तेव्हा दुपार होती. बायको सोफ्यावर पडली होती, मासिक पोटावर, डोळे मिटलेले. केस गालावर आले होते. पडद्यातून आलेलं ऊन तिच्या पावलांवर पडलं होतं.

डॉक्टर तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. उजवा हात त्यांनी पाठीमागे, कमरेच्या पट्ट्यात खुपसून ठेवला. आणि डावा, जो नक्की त्यांचा होता, तो हळूच पुढे नेला. केस कानामागे सारले. कानाच्या पाळीशी बोटं क्षणभर थांबवली, नेहमीसारखी.

बायकोनं डोळे उघडले नाहीत.

"हा नाही रे," ती झोपेच्या आवाजात म्हणाली. "तुझा हात कुठंय?"

डॉक्टरांच्या पाठीमागे, पट्ट्याच्या चामड्यावर, अंगठ्यानं दोनदा वाजवलं.