उणे चाळीस अंश

धुकं इतकं दाट होतं, की गाडी धापा टाकत गॅरेजच्या दारात बंद पडली तेव्हा ठकीला आधी नुसते दोन दिवे दिसले... मग उतरणारा तो. पुढच्या गल्लीतला चष्मेवाला.

"काळा धूर ओकते हो ही. आज भंगारातच द्यायला निघालो होतो. तुमची पाटी दिसली नि थांबलो."

"रोज जाता की इथून. पाटी आज दिसली?"

"रोज... पाटीकडे कुठं बघतो मी?"

ठकी गालातल्या गालात हसली. बॉनेट उघडून तिनं स्कॅनर जोडला. इंजिनात शिरणारी हवा — उणे चाळीस अंश!

"हवेचं तापमान मोजणारा सेन्सर थापा मारतोय. बर्फ पडलाय असं समजून इंजिन भसाभस पेट्रोल पितंय."

तिनं सेन्सरची वायर काढली. वायर सुटली की स्कॅनर उणे चाळीसच दाखवतो; आकडा तिथंच राहायला हवा होता. पण पडद्यावर सदतीस आले. मग छत्तीस. पुन्हा सदतीस... संथ, एका लयीत. कुणी श्वास घ्यावा तसे.

वायर तर तिच्या हातात लोंबत होती. ठकीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"तुम्हालाही दिसतंय ना?" त्याचा आवाज बारीक झाला. "माझ्या दादाची गाडी ही. तो गेला, तेव्हापासून मी एकटा बसलो की मागच्या सीटवर कुणीतरी श्वास घेतं. घरी सांगितलं तर वेड्यात काढतील."

"मी नाही काढणार."

तिनं नवा सेन्सर बसवला. आकडा अठरावर आला आणि तिथंच थांबला. श्वास संपला.

त्याचा चेहरा मात्र उतरला. "इतके दिवस भ्यायलो... आणि आता वाटतं, मीच त्याला हाकलून दिलं."

"एक चक्कर मारून बघू या. मी येते बरोबर."

गाडी कुरकुर न करता निघाली. कोपऱ्यावर त्यानं वेग कमी केला, तोच मागचं दार अलगद उघडलं... आणि तितक्याच अलगद लागलं. कुणी उतरावं तसं. आरशात धुकं होतं, बाकी काही नाही.

दोघं गारठून बसले. मग तो म्हणाला, "असाच होता दादा. दोघांच्या बोलण्यात तिसऱ्यानं थांबू नये, म्हणायचा."

"मग बोला ना."

"भीती वाटली, की मला गॅरेजची आठवण यायची."

"गॅरेजची?"

"म्हणजे... तुमची."

गिअरवरच्या त्याच्या थंडगार हातावर ठकीनं आपला ग्रीसनं माखलेला हात ठेवला — आणि उचलला नाही.