दोनदा जाणारी गाडी

"आई गेली त्या दुपारी तिच्याजवळ कोण होतं, एवढंच मला कळायला हवं," लेक म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, रागही नव्हता.

अक्का खासगी तपासाची कामं घ्यायची. तिच्या बहिणीचा नवरा, दाजी, निवृत्त झाल्यापासून तिच्याबरोबर हिंडायचा आणि बहुतेक गोष्टी त्याला उशिरा उमजायच्या.

हकिगत लहानशी होती. आई रुळांलगतच्या घरात राहायची, देखभालीला आया. रविवारी दुपारी आयाला सुट्टी. तेव्हा मुलगा येऊन बसायचा. त्या रविवारी आया परतली, तर आई न्हाणीघराच्या दारात गार पडलेली. मुलगा म्हणाला, मी निघालो तेव्हा ती गाढ झोपली होती, आयाच उशिरा आली. तेव्हापासून आयाला कुणी दारात उभं करत नव्हतं.

"आई फोनवर काय बोलायची?" अक्कानं विचारलं.

"शेवटी शेवटी दोनच गोष्टी. दादा येत नाही, आणि गाडी आता दोनदा जाते. दादा म्हणाला, तिला भ्रम झालाय. गाडी कधी दोनदा जाते का? मग मी पहिलंही मनावर घेतलं नाही."

"त्या दुपारी दादाशी बोलणं झालं?"

"त्याचाच फोन आला. आईच्या उशाशी बसलोय म्हणाला. अर्धा तास श्वास न घेता स्वतःच्या गुडघ्यांचं पुराण सांगत होता."

आयाला त्यांनी आईच्याच खोलीत बोलावलं.

"मला परतायला उशीर झाला नाही हो. निघतानाही दादांनीच फोन केला. म्हणाले, तुम्ही निघा, मी वाटेतच..."

ती थांबली. जमीन थरथरली, खिडकी खडखडली. आवाज ओसरला तसं दाजीनं तोंड उघडलं. आयानं हात वर केला. आवाज पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

"...आहे. म्हणून मी निघाले."

"एकामागोमाग दोन गाड्या?" दाजी म्हणाला. "भलतीच गर्दी आहे."

अक्का खिडकीशी गेली. रुळांपलीकडे, जराशी पुढे, नवी उंच इमारत होती. इकडची भिंत सपाट, एकही गॅलरी नसलेली.

मुलगा त्याच्या फरशांच्या दुकानात भेटला.

"त्या घरात गाड्यांचा फार त्रास होत असेल," अक्का म्हणाली.

"पूर्वी व्हायचा. आता समोर मोठी इमारत उठली ना, आवाज अडला सगळा. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"रविवार कधी चुकला?"

"एकही नाही."

दुसऱ्या दिवशी अक्कानं सगळ्यांना त्या खोलीत बसवलं.

"माझ्यावर संशय घ्यायला हिला लाज..." मुलगा बोलत होता, तोच गाडी आली. आया काही बोलणार होती, ती थांबली. लेकही, लहानपणच्या सवयीनं. तो मात्र गाडीच्या वर आवाज चढवून बोलत राहिला. गाडी गेली, तसा त्यानं स्वर खाली आणला आणि खिडकीतून गडगडाट परत आला. तो दचकून वळला.

"दुसरी गाडी?"

"तीच," अक्का म्हणाली. "घर आणि रूळ यांच्यामध्ये इमारत असती, तर तिनं आवाज अडवला असता. ही पलीकडे आहे. गाडी खिडकीसमोरून जाते, मग त्या भिंतीसमोर पोचते, आणि भिंत तिचा आवाज इकडे परत फेकते. आयाबाई दोन्ही वेळा थांबतात. दाजी, तुम्हीही ऐकलंत."

"मी दोन गाड्या मोजल्या," दाजी ओशाळून म्हणाला.

"इथे रविवारी बसणारा हे घर शांत झालंय असं कधी म्हणणार नाही. आणि गाड्यांची एवढी ये-जा असताना इथून अर्धा तास अखंड फोनवर बोलणं कुणालाच जमायचं नाही."

मुलगा पलंगाच्या कडेला बसला.

"दुकानातून बोलत होतो," तो म्हणाला. "इमारत झाल्यापासून आलोच नाही. वाटायचं, दुपारी झोपलेलीच तर असते."

"आयाबाईंना जिथे जिथे नावं ठेवलीत, तिथे स्वतः जाऊन खरं सांगायचं," अक्का म्हणाली. त्यानं मान हलवली.

लेक भावाकडे बघतच नव्हती.

"म्हणजे आई नीट होती," ती म्हणाली. "दोन्ही खरंच सांगत होती."

ती आयाकडे वळली.

"आया, आणखी काय म्हणायची ती?"

आयानं पदर सारखा केला. "म्हणायच्या, गाडी तरी परत येते."

लेकीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. जमीन थरथरली. ती थांबली. गाडी गेली, तरी ती तशीच थांबून राहिली, दुसऱ्यांदा जाईपर्यंत.