कानशीची मूठ

चारकोपच्या सेवा केंद्रातल्या मशीनला जयवंत राण्यांचा अंगठा काही ओळखता येईना. बत्तीस वर्षं फिटर म्हणून लोखंडावर कानस चालवून बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. उरला होता तो एका घावाचा तिरपा वण, तीस वर्षांपूर्वी व्हाइसच्या पकडीत अंगठा सापडला होता तेव्हाचा. नोव्हेंबर संपायच्या आत हयातीचा दाखला गेला नाही, तर माणूस कागदावर मेला आणि पेन्शन बंद. दोन खेपा फुकट गेल्या होत्या. केंद्रातले श्यामकांत म्हणाले, "काका, शुक्रवारी या, परत लावून बघू." राण्यांच्या घरात बाप-लेक दोघंच. त्यांच्या मुलीच्या, निधीच्या, जिवाला घोर लागला होता.

निधी ॲडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंगच्या बी.टेक.ला शेवटच्या वर्षी होती. प्रोजेक्ट तसं साधं. जुनी वस्तू स्कॅन करायची, थ्रीडी प्रिंटरवर तशीच काढायची आणि दोन्हींत किती फरक पडतो ते मोजायचं. तिने बाबांच्या कानशीची लाकडी मूठ निवडली. अंगठ्याच्या जागी तिला चांगला खोलगट खड्डा पडला होता. कानस नेली ती मात्र त्यांना न विचारताच, कारण उत्तर ठाऊक होतं. फिटर एक वेळ आपला डबा देईल, कानस देणार नाही.

सोमवारी राखाडी प्लॅस्टिकची मूठ तयार झाली. प्रिंटर थरावर थर देत जातो, म्हणून तिच्यावर सरळ, एकसारख्या बारीक रेघा होत्या. नख फिरवलं की खरखर लागत होती. झकास काम झालं होतं. निधीने ती लॅबच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली सॅकमध्ये टाकली.

मंगळवारी मोजायला काढली, तर खड्ड्यातल्या रेघा गायब. तिथे दुसऱ्याच होत्या, गोल वळत गेलेल्या.

"प्रिंट गंडलीये यार," प्रोजेक्टमधला तिचा जोडीदार केयूर म्हणाला.

"काल नव्हती गंडलेली."

"मग स्कॅन कर ना परत."

तिने केलं. पडद्यावर खड्डा मोठा करून बघितला. तो अंगठ्याचा ठसा होता. स्वच्छ, एकही रेष न झिजलेला. बुधवारी त्या ठशावर एक तिरपी चीर उमटली.

केयूरने चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "रिपोर्टमध्ये काय लिहायचं आपण?"

गुरुवारी दुपारी ती लवकर घरी आली. बाबा खिडकीपाशी बसले होते.

"माझी कानस खंय गेली गो?"

"माझ्याकडे आहे. प्रोजेक्टला नेली होती."

ते रागावले नाहीत. "दुसऱ्याक देवची नसता," एवढंच म्हणाले. "हाताचा वळण जाता."

निधीने त्यांचा अंगठा उजेडात धरला. तो गुळगुळीत होता. घावही नव्हता.

"बाबा, इथला घाव कुठे गेला?"

"हंयच होतो." त्यांनी निरखून बघितलं, मग दुसऱ्या हाताचाही अंगठा बघितला आणि गोंधळून हसले. "बरो झालो असात."

तीस वर्षांनी?

शुक्रवारी तिने प्लॅस्टिकची मूठ सॅकमध्ये घेतली. ती लॅबमध्ये ठेवायला तिचं मन धजेना. केंद्रात दहाही बोटं लावून झाली. दहाही वेळा लाल दिवा. श्यामकांत "थांबा, साहेबांना विचारतो," म्हणून आत गेले. बाबा खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

निधीने सॅकमध्ये हात घातला.

मूठ कोमट होती.

आपण काय करतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने ठशाची बाजू मशीनच्या काचेवर टेकवली.

हिरवा दिवा लागला.

जयवंत सखाराम राणे. हयात.

"अरे, झालं की!" श्यामकांत परत येऊन म्हणाले. "कुठलं बोट लावलंत काका?"

"मी खंय लावलंय?" बाबा म्हणाले.

निधीने मूठ सॅकमध्ये सरकवली. दाखला मिळाला होता. तिला आधी घरी जायचं होतं.

रस्ता ओलांडताना तिने बाबांचा हात धरला. हात गार होता. त्यांच्या अंगठ्यावरून तिचं नख घसरलं आणि खरखर लागली. तिने खाली बघितलं. सरळ, एकसारख्या बारीक रेघा होत्या, एकावर एक, नखापासून मनगटापर्यंत.