वरच्या मजल्याचं रेलिंग

"बाबा, आमच्या शाळेचं रेलिंग तुम्ही पिऊन वाकवलं होतं का?"

हा प्रश्न माझा नाही. वर्गातल्या आमच्या टोळीने पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. आणि हल्ली मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, स्वतःच्याही नाही. जेवताना विचारून टाकला. दादाला ठसका लागला. आईने डोळे वटारले.

बाबांनी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही. पाइप वाकवणं हेच त्यांचं व्यसन; शाळेचं रेलिंगही त्यांनीच बसवलेलं.

"वाकडं झालंय?" त्यांनी विचारलं.

"घसरायला मजा येते इतकं!"

दुसऱ्या दिवशी ते आणि दादा शाळेत हजर. सगळ्यात वरच्या मजल्यावर बाबांनी रेलिंगला दोरी ताणून लावली. पाइप मधोमध आत झुकला होता, कुणी दाराआडून डोकावावं तसा. त्यांनी अंगठ्याने चाचपलं.

"ठोकून वाकवला तर पोचा पडतो. ओढून वाकवला तर सुरकुती येते. इथे काहीच नाही."

"इंग्रजीत रस्ता वळला, गुडघा वाकला, नियम वाकवला, सगळ्याला एकच शब्द, बेंड," मी ज्ञान पाजळलं.

"गप गं, प्रोफेसर," दादा म्हणाला.

तेवढा तुकडा कापून त्यांनी वर्कशॉपवर नेला. खालच्या मजल्यांचं रेलिंग त्याच मालातलं होतं, पण ते सरळ दिसत होतं. राहू दिलं.

वर्कशॉपमध्ये दादाने पाइपचं एक टोक वाइसमध्ये आवळलं आणि दुसऱ्या टोकावर जोर दिला. पाइप निमूटपणे सरळ झाला.

"बघा बाबा, लोण्यासारखा!"

त्याने हात काढायच्या आत पाइप परत फिरला. सावकाश. मनगटाभोवती, मग कोपराकडे. दादा आधी हसला, त्याला वाटलं माझीच काहीतरी करामत. मग ओला बांबू पिळावा तसा आवाज आला आणि तो किंचाळला.

मी पाइपला लोंबकळले. तो कोमट होता.

बाबांनी ग्राइंडर चालू केला. ठिणग्या दादाच्या तोंडावर, माझ्या केसांत. हाडाचं टोक कातडीबाहेर आलं होतं आणि पाइप अजून आवळतच होता. बाबा रडत कापत होते. पाइपबरोबर त्यांनी दादाचं मांसही कापलं. दुसरा इलाज नव्हता.

तुटलेले तुकडे जमिनीवर पडले. पडल्यावरही वळवळत राहिले.

मग थांबले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कोपराखालची दोन्ही हाडं मोडलीत, प्लास्टर करू. केलं. काही दिवसांनी प्लास्टरला आतून तडा गेला. कापून पाहिलं तर हात धनुष्यासारखा. नवा एक्स-रे काढला. हाड कुठेच मोडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "याचा हात जन्मापासून असाच आहे का?"

आता कोपर न वाकवताही दादाची बोटं खांद्याला टेकतात. रोज थोडी आणखी मागे जातात. तो ओरडायचाही थांबलाय. नुसता दात खातो.

काल शाळेत पाहिलं. मधल्या मजल्याचं रेलिंग झुकायला लागलंय. पहिलीची पोरं त्याला धरून रांगेत उतरत होती.

मी घरी सांगितलं.

"तोंड उघडू नकोस," आई म्हणाली. "बाबांना लोक उभं जाळतील."

"मी सुट्टीत गुपचूप काढून आणतो," बाबा पुटपुटले.

"सुट्टीला अजून वेळ आहे. त्या पोरांचे हात एवढेएवढेसे आहेत, बाबा."

आतल्या खोलीत दादाच्या खाटेची फळी करकरली.

"ऐका," मी म्हणाले. "उद्या सकाळी सगळी शाळा मैदानावर जमली की मी माइक घेणार आणि सगळं सांगणार. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाहीतर एकटी. ठरलं माझं."

बाबांनी मान खाली घातली. आई मात्र माझ्या खांद्यांकडे टक लावून बघत राहिली.

"आधी सरळ बस," ती म्हणाली.

मी सरळच बसले होते.